श्वासापुरती जागा

बँजोची घोडी पुन्हा सरकली होती. मेपलच्या लाकडाचा तो इवला तुकडा, बँजोच्या पाचही तारा त्याच्यावर टेकलेल्या – हवा दमट झाली, खालचं चामडं सैल पडलं, की जागचा हलायचाच. आणि नदीकाठच्या या गावात हवा कोरडी असते कधी? ऑर्फानं अंगठ्यानं तो तुकडा परत लोटला, तार छेडली, कान दिला... आणि एकदम इतकं थकल्यासारखं वाटलं, की बँजो मांडीवरून खाली ठेवायचंही त्राण राहिलं नाही. अजून सकाळच होती.

समोर पियानोसाठीच्या स्वरलिपीची जुनी छापील प्रत, शेजारी पेन्सिल; ते गाणं ती बँजोवर बसवत होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दिवाणखान्यांतून गायलं जाणारं गाणं – दूरदेशी निघालेला कुणी एक, बागेचं फाटक लावू नकोस म्हणून विनवतोय. पियानोवर सोपं होतं. गाणारा श्वासाला थांबला तरी खालचा खर्ज घुमत राहतो. बँजोचा स्वर जन्मतो न जन्मतो तोच विझतो. म्हणून ती जागा बारीक स्वरांनी भरून काढायची, सुटे सुटे, एकामागून एक. आणि गाताना हार्लनच्या श्वासाच्या त्या जागा तर लांबतच चालल्या होत्या. दोन मात्रांच्या चार, चारांच्या सहा... तो थांबायचा, ती भरायची.

हार्लन तिचा थोरला भाऊ. काचेच्या कारखान्यात, भट्टीपाशी त्याचा जन्म गेला. बायको वारली, मग मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि बोलणं गेलं. उरले दोनच शब्द – ‘बरं तर.’ भूक लागली, बरं तर. पाद्रीबाबा भेटायला आले, बरं तर. गाणं मात्र शाबूत, शब्दन् शब्द जागच्या जागी. रविवारी तो चर्चच्या हॉलमध्ये गायचा, बायका डोळे पुसायच्या. आणि सोमवारी ऑर्फा त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकायची.

स्वर लिहिता लिहिता पेन्सिल थांबली. मी सगळं भरतच का आले?... लहानपणी जेवताना वडील गप्प झाले, की आई सारखी दाराकडे बघायची, आणि छोटी ऑर्फा शाळेतलं, कोंबड्यांचं, कशाचंही बोलत सुटायची. पुढे तरुणपणी, गावातला वेंडेल – पुलाच्या कठड्यापाशी उभा राहून त्यानं टोपी काढली होती, काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, आणि ती घाईघाईनं पाणी किती चढलंय ते सांगत राहिली होती. त्यानं टोपी परत घातली. काय विचारणार होता? तिला वाटायचं, आपल्याला माहीत आहे. तेवढ्यावर तिनं एक आख्खं आयुष्य काढलं होतं.

दुपारी हार्लनची मुलगी कॉलीन आली, शहरातून गाडी हाकत. घेवड्याचं सूप, मक्याचा पाव. पहिला घास गिळायच्या आतच तिनं विषय काढला.

“आत्या, त्या वृद्धाश्रमात खोली रिकामी झालीये. बुधवारपर्यंत कळवायचंय. आणि तुझी दशा काय झालीये! आरशात बघतेस की नाही?”

“आरसा कशाला? तू येऊन सांगतेसच की.”

कॉलीन हसली. “बरं, बाबांनाच विचारू. बाबा, जाल तिथं राहायला? खिडकीतून नदी दिसते.”

हार्लननं सुपात चमचा फिरवला. “बरं तर.”

“झालं! हो म्हणाले.”

ऑर्फाचं तोंड सवयीनं उघडलं. त्याला म्हणायचंय, मीठ कमी आहे. त्याला म्हणायचंय, फार उपकार झाले तुमचे – ‘बरं तर’चा अर्थ आजवर तीच सांगत आली होती. आताही वाक्यं तयार होती, एक सोडून दोन. त्याला म्हणायचंय, मी इथंच बरा. त्याला म्हणायचंय, मला जाऊ दे. पहिलं वाक्य तिच्या लाजेचं होतं. दुसरं तिच्या पाठीचं, गुडघ्यांचं, आणि एका रिकाम्या सकाळचं, जिची ती कित्येक महिने चोरून वाट पाहत होती. दोन्हींत हार्लन कुठंच नव्हता... जीभ उचललीच नाही. माया म्हणून नव्हे; निव्वळ दमली होती म्हणून.

“आत्या? काय म्हणतायत ते?”

“मला नाही माहीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे कधीच माहीत नव्हतं. मी आपली सांगायची.”

हार्लननं चमचा खाली ठेवला. मान वर करून तो तिच्याकडे पाहत राहिला, आणि तिला जाणवलं, या माणसानं कित्येक दिवसांत आपल्याकडे असं पाहिलेलं नाही. किंवा पाहिलं असेल, आपण नाड्या बांधत होतो. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. मिटलं. पुन्हा उघडलं.

“गाऊन सांगा ना, बाबा,” कॉलीन अर्धवट हसत म्हणाली. “गाण्यात येतं ना सगळं?”

हार्लननं हात वर केला. थांब. रागानं नव्हे, पण पक्का. भट्टीपाशी असताना, काच ओतायच्या वेळी, मागच्यांना असाच थांबवत असावा.

कॉलीन मागे टेकून बसली. ऑर्फाच्या मनात ती जुनी घाई उसळली – काहीतरी बोल, पाव वाढ, सूप गरम करायला ऊठ... तिनं टेबलाची कड घट्ट धरली. हार्लनच्या कपाळावर घाम आला होता. आतून तो काय शोधतोय, ‘हो’ शोधतोय की ‘नाही’, की भलतंच काही, जे तिला स्वप्नातही सुचलं नसतं... तिला भीती वाटली. अनोळखी माणसाची वाटते तशी. आणि या भीतीत कुठंतरी, पहिल्यांदाच, ऐकायची इच्छा होती.

दमणूक तशीच होती, हाडांत मुरलेली. पण ती उठली नाही. थांबून राहिली.