निम्मेबाबांचा पट्टा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक भिंतीला टेकून उभे होते, दारात चाकाच्या खुर्च्यांची दाटी झाली होती. मंचावर कानाला माइक लावलेले तज्ज्ञ येरझारा घालत होते. मागच्या पडद्यावर दोन खांब होते. एक उंच तांबडा, दुसरा त्याच्या निम्म्या उंचीचा हिरवा.

"हीच चारशे माणसं गेल्या वर्षी बाराशे वेळा रुग्णालयात दाखल झाली. यंदा फक्त सहाशे वेळा. निम्मे," ते म्हणाले. "आम्ही औषध बदललं का? नाही. डॉक्टर बदलले का? नाही. आम्ही फक्त तुमच्या आत झोपलेल्या डॉक्टरला हाक मारली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत झोपलेल्या डॉक्टरला किती वर्षांची झोप होती, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आम्ही कर्मचारी त्यांना आपसात निम्मेबाबा म्हणायचो. मी आरोग्य योजनेच्या नोंदी विभागात आहे. सभासद दरमहा वर्गणी भरतात. डॉक्टर, रुग्णालय, औषधं सगळं योजना बघते. उपचार चांगले हवेत आणि खर्चही आटोक्यात हवा, या ओढाताणीत आमचे संचालक पार थकले होते. अशा वेळी निम्मेबाबा 'सोबती पट्टा' घेऊन आले. तो मनगटावर बांधायचा. तो नाडी मोजायचा आणि रोज सकाळी गोड आवाजात सांगायचा, "आज तुमची तब्येत छान आहे."

दुसऱ्या रांगेत माझी आत्या पट्टा बांधलेला हात उंचावून बसली होती. तिचं हृदय कमकुवत, अंगात पाणी साठायचं. गेल्या वर्षी चार वेळा दाखल झाली होती, यंदा एकदाच.

शेवटी संचालकांनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यापासून पट्टा सर्वांना मिळेल. त्यासाठी घरी जाणाऱ्या परिचारिकांची सेवा आपण थांबवतो आहोत."

मला बसवेना. बाराशे आणि सहाशे हे आकडे मीच काढले होते आणि ते खरे होते. तरी काहीतरी खुपत होतं. काय, ते सांगता येत नव्हतं.

चौथ्या दिवशी घरभेटींच्या सिस्टर माझ्या टेबलाशी आल्या.

"तुमच्या आत्यांचं वजन पाच दिवसांत तीन किलो वाढलंय. पाणी काढणारी गोळी त्यांनी बंद केली आहे. पट्टा छान म्हणतो ना, मग गोळी कशाला, असं म्हणतात."

मी तसाच निघालो. आत्या पलंगाच्या कडेला बसून होती. एका दमात वाक्य पुरं होत नव्हतं.

"अरे, सकाळीच म्हणाला… छान आहे. तू उगाच…"

"आत्या, पाय बघ तुझे."

तिने पाहिले. बोट दाबलं तिथे खळगा पडून राहिला. दुपारपर्यंत तिला रुग्णालयात नेलं आणि सुईवाटे औषध सुरू झालं. तीन दिवसांनी तिला नीट श्वास घेता आला.

तिथल्या व्हरांड्यात सिस्टरांनी मला विचारलं, "पट्टे चारशेच होते. पण सतत दाखल होणारे तेवढेच होते का?"

"आठशे होते. उरलेले चारशे प्रतीक्षा यादीत राहिले."

"त्यांचं काय झालं?"

ती यादी वर्षभर कुणी उघडलीच नव्हती. मी ऑफिसात परतलो आणि उघडली. पट्टा नाही, गोड आवाज नाही, कुणाचा साधा फोनही नाही. आधीच्या वर्षी अकराशे नव्वद वेळा दाखल, यंदा सहाशे दहा. मी तीनदा मोजलं. आनंद झाला नाही.

पुढच्या बैठकीत सिस्टरांनी साठ जणांना एकेक फासा वाटला. संचालक वैतागले. "सिस्टर, इथे खेळायला जमलोय का आपण?"

"पाचच मिनिटं, साहेब."

सगळ्यांनी फासा टाकला. अकरा जणांना सहा पडले.

"हे अकरा आपले सगळ्यात आजारी," सिस्टर म्हणाल्या. त्यांतल्या सहा जणांच्या मनगटात त्यांनी साधं रबर अडकवलं, पाच जणांना काहीच दिलं नाही. "आता पुन्हा टाका."

रबरवाल्यांत एकालाच सहा पडले.

"सहातले पाच बरे झाले. रबराची कमाल." लोक हसले. "आणि ज्यांना काहीच दिलं नाही, ते?"

त्यांच्यातही एकालाच सहा पडले होते. हसू विरलं.

निम्मेबाबांनी माइक सावरला. "माणसं म्हणजे फासे नव्हेत, ताई."

मी उठलो. पडद्यावर त्यांच्या खांबांशेजारी प्रतीक्षा यादीचे दोन खांब लावले. चारही शेजारी उभे राहिले, जोडीला जोडी.

"दुखणं चढतं आणि उतरतं," मी म्हणालो. "ऐन चढावरची माणसं निवडली, तर त्यांतली बरीचशी आपोआप उतरतात. काही वारतात. वारलेला माणूस दाखल होत नाही, म्हणून तोही या निम्म्यात जमा होतो. दोन्ही याद्यांत अशी माणसं आहेत, जवळपास सारखीच."

मग संचालकांनी सिस्टरांकडे पाहिलं. "आणि तुमच्या घरभेटी? त्यांचा काय पुरावा?"

"माझ्याकडेही नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याही तपासा. सगळ्यांना पुरतील एवढ्या परिचारिका नाहीतच. कुणाकडे जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. पट्ट्याचंही तसंच करा. वर्षाने दोन्ही बाजू मोजा. माझं काम फुकट ठरलं, तर मी दुसरं शिकेन."

तसं झालं. वर्षाने पट्ट्याने काडीचा फरक पडला नव्हता. घरभेटींनी पडला, पण केवढा? जिथे आठदा दाखल व्हावं लागायचं तिथे सातदा. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सिस्टरांची सेवा तेवढी चालू राहिली. निम्मेबाबा तोवर दुसऱ्या योजनेच्या मंचावर पोचले होते, खांबांसकट.

चमत्कार करणारे अंगाला राख फासूनच येतात असं नाही. ते तक्ते घेऊनही येतात, आणि त्यांचे आकडे खरेही असतात. म्हणून कुणी म्हणालं, याने इतके बरे झाले, तर नमस्काराला हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्यांना हे दिलं नाही, त्यांचं काय झालं?