बेचाळिसावा मीटर

गंगाखेड रस्त्यावरच्या आमच्या कारखान्यात द्रव नायट्रोजन बनतो. टाकीखालच्या कमरेएवढ्या खोल चरातून काचेची, केसाएवढी बारीक तार टाकलेली आहे. पाइप गळला की तिथली तार गारठते, कितव्या मीटरला ते माझ्या पडद्यावर दिसतं आणि भोंगा वाजतो. हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. चरात साचला की उतरून वाकलेला माणूस गुदमरून पडतो. म्हणून ती तार, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला मी.

एप्रिलात बेचाळिसाव्या मीटरला रोज भोंगा वाजायला लागला. जाऊन बघते तर चरात गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणि त्यावर पाण्याचे कॅन. टाकीवर काम करणाऱ्या रायभानमामांची करामत!

"मामा, हलवा हे इथून."

"राजेश्रीबाई, आगीवानी ऊन पडलंय. सावली हितंच हाय. तुमचा भोंगाच लय नाजूक, बर्फाला भेतो!"

मी हसले. खोटं कशाला बोलू, ते गार पाणी मीही प्यायचे. बेचाळिसाव्याच्या आजूबाजूच्या तेवढ्या पाच मीटरचा भोंगा मी बंद करून टाकला. पावसाळ्यात चालू करू म्हटलं.

आठव्या दिवशी दुपारी नेमका तिथलाच जोड फुटला. पडद्यावर तापमानाचा आकडा झरझर खाली गेला असणार, पण मी बाहेर जेवणाचा डबा धूत होते. मामा पाणी घ्यायला चरात उतरले, ते परत वर आले नाहीत.

भोंगा वाजला नाही, तो चौकशीत यंत्राचा बिघाड ठरला. मला कुणी काही विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही.

तेराव्याला ताडकळसला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, केवळाबाईनं, मला चहा दिला. "तुमचं लय नाव काढायचे," म्हणाली. मग मला राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

तिनं माझ्यापुढची कपबशी उचलून बाजूला ठेवली.

"आतापोतर मी मशिनीला शिव्या देयाले," ती म्हणाली. "सायबाला सांगितलं का ह्ये?"

"नाही."

"मग मला कामून सांगितलं? तुमी रडून मोकळ्या झालाव. जितं जबाब लिवून घेत्यात तितं जाऊन सांगा."

मी हो म्हणाले. त्याला आज दोन महिने झाले. मी अजून गेलेले नाही.