अंजनीचे दिवस

विनता वासनिकला मराठी ऐकायची सवय होती, बोलायची नव्हती. हिंदी मुलखातल्या शहरात, चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी आई मराठीत विचारायची, ही हिंदीत उत्तर द्यायची, आणि त्यात दोघींनाही काही वावगं वाटत नसे. आता तर ती डॉक्टर झाली होती. म्हणजे व्हायचीच होती, इंटर्नशिप चालू होती. पण पांढरा कोट अंगात चढला की अर्धा डॉक्टर स्वतःला पूर्ण समजायला लागतो, त्याला कोण काय करणार?

त्या सकाळी सुमनबाई मेश्राम सुनेला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आल्या. सून अंजनी, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पोट धरून नुसती दुमडली होती. मुलगा कारखान्यात पाळीवर गेलेला. सुमनबाईंनी विनताच्या कोटावरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

"वासनिक? मंग तू आपल्यातलीच ना, बाई? कोण्या गावचे तुम्ही?"

शेजारी विनताच्या बरोबरीचे दोन इंटर्न उभे होते. त्यांनी माना वळवल्या. विनताचे कान तापले. 'वासनिक म्हणजे कोण?' असं विचारणारे कॉलेजात पुष्कळ भेटले होते, आणि उत्तर ऐकल्यावर आपला पाण्याचा ग्लास अलगद बाजूला सरकवणारेही भेटले होते. तो विषय तिला इथं, या दोघांसमोर नको होता.

"हिंदी में बताइए, अम्मा जी," ती तुटकपणे म्हणाली. "क्या तकलीफ है?"

झालं! सुमनबाईंचा चेहरा उतरला. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडवाल्याशी हुज्जत घालण्यापुरती हिंदी त्यांना चांगली फर्डी येत होती. पण बाईमाणसाच्या पोटातल्या गोष्टी त्या हिंदीत कधी बोलल्याच नव्हत्या. त्या गोष्टी घरातल्या, चुलीपाशी बसून बोलायच्या, आणि चुलीपाशी मराठी होती. आता डॉक्टरीणच हिंदी मागते म्हटल्यावर करता काय? मराठीतला एकेक शब्द उचलून त्या हिंदीत ठेवू लागल्या. पेट दुखता है. चक्कर आता है. कंधा भी दुखता है.

"महीना ठीक आता है?" विनतानं विचारलं.

सुमनबाईंनी त्या दोन पोरांकडे पाहिलं, पदर तोंडाशी नेला आणि हळूच म्हणाल्या, "उसके दिन गए हैं, जी."

दिन गए. म्हणजे पाळीचे दिवस आले, झाले, संपले. विनतानं तसंच लिहून टाकलं. तपासताना कपड्यावर लाल डागही दिसला, मग तर शंकेला जागाच उरली नाही. अपेंडिक्स असेल, असं ठरवून तिनं सलाईन लावलं आणि तिवारी सरांच्या राउंडची वाट पाहू लागली.

अंजनी मात्र वाट पाहण्यासारखी नव्हती. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. विनतानं नाडी धरली, तर ती बोटांखाली भराभर पळत होती आणि बारीक होत होती. रक्तदाब घेतला. पुन्हा घेतला. दुसऱ्यांदा पारा आणखी खाली. अपेंडिक्सनं इतक्यात असं होत नाही, एवढं तिला कळत होतं. पोटात कुठंतरी रक्त जात होतं. पण कुठून? मार नाही, पडणं नाही, काही नाही. आणि ते कुठून जातं हे कळलं नाही, तर ही पोर दुपार पाहणार नाही, हेही तिला कळत होतं.

"काही करा ना, बाई!" सुमनबाई कळवळून म्हणाल्या. हिंदी आता त्यांच्या जिभेवरून पार उडाली होती. "म्या सांगितलं ना सगळं! मंग काहून कोणी काही करून नाही राहिलं?"

सगळं सांगितलं म्हणे! विनताला रागच आला. राग कसला, भीतीच ती.

तेवढ्यात मुरलीधर तिवारी सर आले. शिकवायला मोठा कडक माणूस. रोग्याचं म्हणणं कुणी आपल्या पुस्तकी भाषेत घोळवून सांगितलं की त्यांचं डोकं फिरायचं. विनता घाईघाईनं सांगू लागली, "सर, पीरियड्स अभी होकर गए हैं..."

"तुम्हारे शब्द नहीं, डॉक्टर. उनके शब्द. जैसे कहे, वैसे."

आग लागो या शिकवणीला, विनताच्या मनात आलं. इथं पोरगी चाललीय आणि यांना शब्द पाहिजेत! पण सर हलेनात. तिनं डोळे मिटून आठवलं आणि सुमनबाईंच्याच दबक्या सुरात म्हटलं, "उसके दिन गए हैं."

आणि स्वतःच्याच तोंडून तिला आईचा आवाज ऐकू आला. चेरीतालचं स्वयंपाकघर, भाजी निवडत बसलेली मावशी, आणि तिच्या कानाशी लागलेली आई: आपल्या शकूले दिवस गेले म्हणते! मग दोघींचं ते तोंडावर पदर घेऊन हसणं.

दिवस गेले. अगं आई गं! मराठी बाईला दिवस गेले म्हणजे संपत नाहीत, सुरू होतात! सुमनबाईंनी खरोखरच सगळं सांगितलं होतं. हिंदीत सांगितलं होतं, कारण हिनंच तसं सांगायला लावलं होतं.

विनता वळली. मराठी शब्द तिच्या जिभेवर अडखळत आले. "मावशी, अंजनीले... दिवस गेले आहे? पोटुशी आहे ती?"

"अवं, तेच तर सांगितलं तुले!" सुमनबाई ओरडल्या. "दुसरा महिना हाय तिचा!"

"सर, पेट से है! मैंने गलत समझा..."

पुढचं सरांनी ऐकून घेतलं नाही. त्यांनी सुई मागवली, अंजनीच्या पोटात घातली, आणि सिरिंजमध्ये काळपट रक्त चढत गेलं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत राहिला होता, आणि नळी फुटली होती. सर ऑपरेशनची तयारी करा म्हणून ओरडले. स्ट्रेचर ढकलायला विनता स्वतः धावली, ते दोघे इंटर्न रक्ताच्या बाटल्यांसाठी पळाले, आणि दार बंद झालं.

सुमनबाई दाराबाहेर जमिनीवर बसून राहिल्या. कुणी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

दार उघडलं तेव्हा विनता बाहेर आली. मागून सरांचा आवाज आला, "उनकी भाषा में बताना." ती सुमनबाईंसमोर उकिडवी बसली.

"अंजनी वाचली, मावशी. धोका टळला." मग ती थांबली. पुढच्यासाठी तिच्याकडे पुस्तकातला शब्द होता, तो तिला नको होता. आई काय म्हणाली असती? "पण... बाळ नाही राहिलं."

सुमनबाईंनी पदरात तोंड खुपसलं आणि हुंदके देऊन रडल्या. पुष्कळ वेळानं त्यांनी डोळे पुसले. ते दोघे इंटर्न भिंतीपाशीच उभे होते.

"तू आपल्यातलीच ना?"

"हो, मावशी," विनता त्या दोघांच्यादेखत म्हणाली. "आपल्यातलीच."

"मंग सकाळी काहून नाही बोलली?"

विनताचे डोळे भरून आले. सुमनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, ना रागानं, ना मायेनं, आणि भिंतीला धरून उठल्या.

"पोरगी शुद्धीवर आली का तिले तूच सांगजो," त्या म्हणाल्या. "पण हिंदीत नको सांगू, बाई."