शिळेची ऊब

सभागृहाच्या पायऱ्यांपासून कापड रंगवायच्या रंगशाळेच्या कोपऱ्यापर्यंत माणसांची रांग लागली होती, आणि रांगेतला प्रत्येक जण एका दगडाला हात लावण्यासाठी आतुर झाला होता. दगड तसा जुनाच. नगराचे अधिपती पिढ्यानपिढ्या त्यावर बसून न्याय करीत, दुपारी जांभया देत, आणि वय झाले की उठताना कोणाचा तरी खांदा मागत. त्या दिवशी सकाळी मात्र नवा अधिपती ठरवण्यासाठी दिवंगत अधिपतींचे दोन पुतणे आणि सभेचे एक वृद्ध सदस्य असे तिघे क्रमाने त्यावर बसविले गेले. शिळा थंडगार राहिली. रंगशाळेचा बाराचा भोंगा झाल्यावर युवराज बसले आणि घटकाभरात शिळा तापली.

शेजारी रेशमी वस्त्रे ल्यालेले राजगुरू उभे होते. त्यांचा घसा बसला होता, पण जीभ थकली नव्हती.

"लोकहो, मेंढरं कधी मेंढपाळ निवडतात का? ज्याला वरून धाडलंय, त्याला शिळा आपोआप ओळखते. गाय वासराला ओळखते ना, तशी."

"गाय वासराला दूध तरी देते, महाराज," रांगेतून एक हमाल म्हणाला. "ही काय देणार?"

"तुझ्यासारख्याला चटका," राजगुरू म्हणाले, आणि लोक हसले.

हसले, आणि पुढे सरकले. कोणी तापलेल्या दगडावर आजारी लेकराची पाठ टेकवीत होते, कोणी दुखरा गुडघा. एका सुखवस्तू गृहस्थाने युवराज उठताच आसनावरचा घाम रुमालाने टिपला आणि रुमालाची घडी करून छातीशी ठेवली. मागच्याने तोच रुमाल क्षणभर डोळ्यांना लावायला मागितला. ज्याची ईश्वरावर खरोखर निष्ठा आहे, त्याला हे पाहून मळमळले पाहिजे. चराचराला व्यापून असणाऱ्या तत्त्वाला या लोकांनी एका माणसाच्या बुडाखाली आणून ठेवले होते, आणि यालाच ते भक्ती म्हणत होते.

रांगेत रंगशाळेच्या हौदांची मुकादमीण होती. नगरात तिला सगळे मुकादमबाई म्हणत. कोपरापर्यंत निळे पडलेले तिचे हात साबणाने कधी गोरे झाले नाहीत. तिचा धाकटा भाऊ शाळेत मास्तर होता आणि वीस दिवसांपासून कोठडीत होता. अधिपती नेमायचा कोणी, असा प्रश्न त्याने वर्गात मुलांना विचारला, एवढाच त्याचा अपराध. हद्दपारीचा हुकूम लिहून तयार होता, पण त्यावर सही लागे ती आसनस्थ अधिपतीची. आठ दिवसांनी राज्यारोहण झाले की नव्या अधिपतीची पहिली सही त्याच कागदावर होणार होती.

मुकादमबाईने शिळेवर तळहात ठेवला, तो उचललाच नाही.

"बाई, पुरे की," मागचा वैतागला. "सगळं पुण्य एकटीच नेणार का?"

"थांब रे जरा. मोजतेय."

"काय मोजताय?"

"ऊब," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

त्याच संध्याकाळी ती भावाला भेटायला गेली. गजांपाशी बसून तिने डबा आत सरकवला.

"ताई, खरंच तापला का गं दगड?" मास्तरने विचारले.

"तापला. रंगवलेल्या कापडाच्या दुसऱ्या धुण्याच्या पाण्याइतका. पहिल्या धुण्याच्या पाण्यात हात ठेववत नाही, तिसऱ्यात तान्ह्याला अंघोळ घालता येते. हा बरोबर मधला. तीस वर्षं हात बुडवतेय मी, मला थर्मामीटर कशाला लागतो?"

मास्तरचा घास हातातच राहिला. "तुमचा दुसऱ्या धुण्याचा हौद कधी रिकामा करता?"

"बाराच्या भोंग्याला झडप उघडतो. आणि दुसरं ऐक. आमचं सांडपाणी सभागृहाखालच्या जुन्या गटारातून जातं. मोठे अधिपती वारल्यावर राजगुरूंनी सभागृहाची दुरुस्ती काढली. तेव्हापासून हौद रिकामा व्हायला दुप्पट वेळ लागतो. मी तक्रारही केली होती. म्हणाले, गटार म्हातारं झालंय."

"म्हणजे पाणी कुठेतरी वळवलंय."

"उद्या चौकात सांगते सगळ्यांना."

"सांगू नकोस. तू बोललीस की ही शेजारची कोठडी तुझी. लोकांनी तो दगड हाताने पाहिलाय, ताई. तुझ्या शब्दाने त्यांचा हात खोटा ठरणार नाही. त्यांच्या हातालाच दाखवावं लागेल."

तिने डबा त्याच्याकडे आणखी सरकवला. मग म्हणाली, "भाजी संपव आधी. काय झालीये तब्येत."

राज्यारोहणाच्या दिवशी सभागृहात श्वास घ्यायला जागा नव्हती. मुकादमबाई पहिल्या रांगेत येऊन बसली होती. हौदावर तिने आपल्या हाताखालच्या बाईला ठेवले होते आणि सांगितले होते: भोंगा झाला तरी झडप उघडायची नाही, साडेबाराला उघडायची.

बाराचा भोंगा झाला. शुभ्र वस्त्रांतले युवराज शिळेवर बसले. पहारेकऱ्यांचा नायक हद्दपारीचा कागद आणि दौत घेऊन बाजूला उभा राहिला. शिळा तापली की राजगुरू हात वर करणार, आणि मगच सही, असा क्रम ठरला होता.

राजगुरूंनी स्तोत्र म्हटले. शिळेला हात लावला. पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

"देव परीक्षा पाहतो आहे," ते म्हणाले.

दहा मिनिटे गेली. "सभेत कोणीतरी पापी आहे," ते म्हणाले, आणि मागच्या परीक्षेत हरलेल्या दोन्ही पुतण्यांना बाहेर काढण्यात आले. शिळा थंडच. मग सगळ्यांना कमरेचे चामड्याचे पट्टे काढायला लावले. मग खोकणाऱ्यांना हाकलले. मागून तोच हमाल म्हणाला, "महाराज, आता दगडालाच बाहेर काढा." या वेळी लोक जरा अधिक हसले. युवराज उठून उभे राहिले; त्यांचे पाय बधिर झाले होते आणि मुद्रा रडवेली.

"आसनाला विटाळ झालाय," राजगुरूंनी जाहीर केले. "पुसून घ्या."

सभागृह झाडणारी मावशी फडके घेऊन आली. साठी उलटलेली बाई. वाकली आणि कमरेवर हात ठेवून थांबली.

"मावशी, बसून पुसा की," मुकादमबाई म्हणाली. "गुडघे धरलेत ना तुमचे."

मावशी सवयीने टेकली. रोज पहाटे सभागृह झाडून झाले की ती त्या शिळेवर बसूनच चहा पीत असे. त्या दगडाचे देवत्व तिच्यापर्यंत कधी पोचलेच नव्हते. राजगुरू ओरडत पुढे धावले. तोवर साडेबारा वाजून गेले होते.

"अगं बाई," मावशी म्हणाली. "खालून शेकतंय गं."

एक जण पुढे आला, त्याने हात लावला. दुसरा आला. आठ दिवसांपूर्वी ज्या हातांनी ऊब पाहिली होती, तेच हात आता तीच ऊब पाहत होते, आणि वर बसली होती झाडूवाली.

"तुमच्याच शब्दाने बोला, महाराज," मुकादमबाई उठून म्हणाली. "शिळेने कोणाला ओळखलं?"

मग तिने लोकांना सगळे सांगितले: हौद, भोंगा, झडप, दुरुस्ती. गर्दीतला एक गवंडी छिन्नी-हातोडी घेऊन आला. मावशीला उठवून त्याने शिळेच्या मागची फरशी उचकटली. अखंड म्हणून पुजलेला दगड आतून पोखरून बोटभर जाडीचा केलेला होता, आणि त्या पोकळीत तांब्याच्या नळीचे वेटोळे होते. गवंड्याने सांधा फोडला. वाफाळते निळे पाणी उसळून पांढऱ्या फरशीवर पसरले आणि युवराजांच्या शुभ्र पायघोळ वस्त्राला खालून चढू लागले. असे हे दैवी वरदान. त्याला रंगाचा आणि साबणाचा वास येत होता.

नायक कागद हातात धरून गोंधळला होता. आयुष्यभर हुकूम पाळलेला माणूस. त्याने युवराजांकडे पाहिले, राजगुरूंकडे पाहिले, आणि शेवटी मावशीकडे वळला.

"मग सही... कोणी करायची?"

"मला येत नाही सही," मावशी म्हणाली. "आली असती तरी केली नसती. पोरांना शिकवतो तो."

नायकाने कागदाची घडी केली आणि दौतीला बूच लावले. दिवस मावळण्याआधी मास्तर घरी आला. महिनाभराने नगराने हात वर करून आपला अधिपती निवडला, तोही तीन वर्षांच्या मुदतीने. पहिल्याच सभेत एका म्हाताऱ्याने शंका काढली: देवाने नेमलेला नाही, तर त्याचं ऐकायचं कशासाठी? मुकादमबाई म्हणाली, "आपण बसवलाय म्हणून. आणि नीट वागला नाही तर ऊठ म्हणता येतं म्हणून."

इतके होऊनही काही माणसे रोज त्या फुटक्या दगडापाशी हात जोडून उभी राहतच होती. बाईमाणूस बसल्याने कोप झाला, असे ती कुजबुजत होती. निळे पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले होते. फसविणाऱ्याची किळस येते खरी. पण नळी पाहूनही जो हात जोडतो, त्याची अधिक येते, कारण पुढच्या राजगुरूचे भांडवल तोच असतो.

वाचकहो, सत्तेला देवाची सही लागते ती तेव्हाच, जेव्हा माणसांची सही मागण्याची तिला भीती वाटते. खरा ईश्वर कोणाच्या आसनाखाली ऊब धरीत बसत नाही. त्याने आपल्याला बुद्धी दिली. ती वापरणे हीच त्याची पूजा. म्हणून जो कोणी म्हणेल की मला वरून धाडले आहे, त्याला नमस्कार करण्याआधी एवढे करावे: त्याला उठवावे, तिथे दुसऱ्या कोणाला बसवावे, आणि फरशी उचकटून पाहावी. तो पाहू देत नसेल, तर उत्तर मिळालेच आहे.