बांधापर्यंतची बॅटरी

दोघांनी मिळून चालवायची विजेवरची जोडसायकल शेडमध्ये आडवी पडली, त्या दिवसापासून हार्म विर्समला चैन नव्हतं. बॅटरीच्या कवचाला बोटभर चीर गेली होती आणि एक बाजू फुगली होती. गुरुवारी सकाळी त्याने ती पिशवीत घातली, बसमध्ये मांडीवर घेऊन बसला आणि सायकलच्या दुकानापाशी उतरला.

दुकानातल्या यांतीनने पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला.

"हार्म, ती खाली ठेवा. हळूच. आपटू नका."

"अगं, बॉम्ब आहे का तो?"

"तसंच समजा."

तिने जाड हातमोजे चढवले, टोकांवर चिकटपट्टी लावली, बॅटरी पत्र्याच्या डब्यातल्या वाळूत पुरली आणि डबा मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब नेऊन ठेवला. गाडी येऊन ती कारखान्यात नेणार होती. तिथे तिच्यातले धातू वेगळे काढतात.

"एकदाच चार्ज करून दे," हार्म म्हणाला. "अकरा किलोमीटर. समुद्राच्या बांधापर्यंत आणि परत. मग तुझी तू घे."

"नाही."

"मग नवी दे."

"ती बनवणारी कंपनीच बंद पडलीय हो. दुसरी कुठली तुमच्या सायकलला बसत नाही, मी मागेच शोधलं होतं. बसा, कॉफी आणते."

तो दाराच्या काचेतून डब्याकडे बघत बसला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, रूलीला, अर्धांगवायूचा झटका आला आणि तिचं बोलणं गेलं. पण मागच्या सीटवर बसवलं की तिचा बरा पाय आपसूक पॅडल मारायचा. दर गुरुवारी बांधावर पोचल्यावर ती ओहोटीच्या चिखलाकडे बघत बसायची, अगदी लग्नाआधी बसायची तशी. त्या अर्ध्या तासासाठी तो आठवडाभर जगायचा. तिकडे बस जात नाही, आणि बॅटरीशिवाय आपले गुडघे दोघांना तिथवर ओढणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

कॉफी अर्धी झाली असेल, तोच वाळूतून धुराची बारीक रेघ निघाली. मग फुस्स आवाज झाला आणि ज्वाळा वर आली. यांतीनने त्याला दंडाला धरून मागे ओढलं आणि अग्निशामक दलाला फोन लावला.

"काल रात्री कुठे ठेवली होती?" फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

"रूलीच्या खोलीबाहेर." कप अजून त्याच्या हातातच होता. "चार्जिंगला लावून बघितली होती मी."

यांतीनने कप त्याच्या हातातून काढून घेतला.

तो घरी पोचला तेव्हा रूली खिडकीपाशी कोट घालून बसली होती. बटणं एका हाताने लावलेली, खालीवर झालेली.

"आज नाही गं," तो म्हणाला. "आता नाहीच."

तो तिच्यापुढे वाकून एकेक बटण सोडवू लागला. ती उत्तरेकडे, बांधाच्या दिशेला बघत राहिली. त्या खिडकीतून बांध दिसत नाही. बटाट्याची शेतं दिसतात आणि त्यांवर टेकलेलं आभाळ.