कोळशाच्या खोलीतलं शेवटचं प्रकरण

“अण्णा, लावा कडी!” थोरलीनं आतूनच हुकूम सोडला आणि पदर खोचून ती कोळशाच्या खोलीच्या मधोमध उभी राहिली.

बाहेरून सासऱ्यांनी दार ओढलं. बिजागऱ्या किरकिरल्या, कडी खट्‌कन बसली आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला.

“अर्ध्या तासानं उघडायचं बरं का!” धाकटी आतून दाराच्या फटीला तोंड लावून ओरडली. “झोपू नका!”

“मी कशाला झोपतोय?” सासरे म्हणाले. मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

“ताई, हे काही खरं नाही. अण्णांना बसायला स्टूल दिलं की संपलंच.”

“चूप! ताई कोण? मी चिमटी, तू नाकतोडा. आपल्याला भुतानं कोंडलंय. लाग कामाला.”

धाकटीला हसू आवरेना. दोन पोक्त बायका, एकीच्या केसांत पांढरी बट, दुसरीला शाळेत जाणारी लेक, आणि भरदुपारी कोळशाच्या खोलीत भूत-भूत खेळतायत. कुणी पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण घरातल्यांना आता याची सवय झाली होती. या दोघी सख्ख्या जावा. घरची लाँड्री, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे पडदे, टेबलक्लॉथ. दुपारची जेवणं आवरली की दोघी मागच्या खोलीत बसून मुलांसाठी भुताखेतांच्या, रहस्यांच्या गोष्टी लिहायच्या. चिमटी नावाची चौकस पोरगी आणि तिचा काटकुळा भाऊ नाकतोडा यांच्या पुस्तकांचा मुलं अक्षरशः फडशा पाडायची. उशांचे अभ्रे द्यायला आलेली पोरं काउंटरवर टाचा उंचावून विचारायची, पुढचं पुस्तक कधी?

लिहिण्याची त्यांची एक पद्धत होती. एक प्रकरण थोरलीचं, पुढचं धाकटीचं. थोरलीनं पोरांना कोंडायचं, धाकटीनं सोडवायचं. कोंडणारीनं वाट सुचवायची नाही, सोडवणारीनं विचारायची नाही. आणि करून पाहिल्याशिवाय काही कागदावर उतरवायचं नाही, ही धाकटीची अट. त्यापायी ती मळक्या चादरींच्या ट्रॉलीत दडली होती, पाण्याच्या टाकीवर चढली होती, एकदा तर पडद्यांच्या दोरीनं स्वतःला खुर्चीला बांधून घेऊन खुर्चीसकट आडवी झाली होती. थोरली नेहमी बाहेर उभी राहून “सुटलीस का गं?” एवढंच विचारायची.

आज पहिल्यांदाच ती आत आली होती. का, ते धाकटीला कळेना. विचारायचा धीरही होईना, कारण तिला स्वतःलाच थोरलीला काही सांगायचं होतं.

दुसऱ्या गावी लाँड्रीची नवी शाखा निघत होती आणि ती सांभाळायला धाकट्या भावानं बिऱ्हाडासकट जायचं, असं भावाभावांत ठरलं होतं. “वहिनीला इतक्यात बोलू नकोस, जागेचं पक्कं होऊ दे,” नवऱ्यानं बजावलं होतं. जागेचं पक्कं होऊनही आठवडा झाला. धाकटी रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचंच; आणि रोज दुपारी थोरली पेन्सिलीला टोक काढत म्हणायची, “बोल, कुठवर आलो होतो आपण?” की सांगणं राहूनच जायचं. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. ते झालं की नक्की सांगायचं. पण ते होत नव्हतं. चिमटी आणि नाकतोडा कोळशाच्या खोलीत कोंडलेले होते ते होतेच, आणि आज चार वाजता प्रकाशकांचा माणूस प्रकरण न्यायला येणार होता.

“नाकतोड्या, काय दिसतंय?” थोरलीनं आवाज बारीक काढला.

“काळं दिसतंय.”

“अजून?”

डोळे हळूहळू सरावले. ही खोली बॉयलर कोळशावर चालायचा तेव्हाची. उघड्या विटांच्या भिंती, कोपऱ्यात उरलासुरला चुरा, आणि समोरच्या भिंतीत पार वर एक लोखंडी झडप. पूर्वी मागच्या गल्लीतून गाडी यायची आणि त्या झडपेतून कोळसा आत ओतायची. झडपेच्या कडेनं उजेडाची एक बारीक रेघ येत होती. धाकटीनं टाचा उंचावल्या, हात ताणला. झडप चांगली हातभर वर राहिली. उडी मारून पाहिली तर चुऱ्यावर पाय घसरून सपशेल बसली.

“लागलं का गं?” थोरली स्वतःच्या आवाजात म्हणाली आणि लगेच सावरली. “म्हणजे, लागलं का रे?”

दोघी खो खो हसल्या. हसता हसता पलीकडे धुलाईची यंत्रं सुरू झाली. आधी घरघर, मग गरगर, मग भिंत थरथरू लागली. दुपारच्या धुण्याचा घाणा लागला होता.

“ताई, अर्धा तास होऊन गेला असेल हो,” धाकटी म्हणाली. तिनं दारावर थाप मारली. “अण्णा! उघडा!”

काही नाही. तिनं मुठीनं ठोकलं, लाथ घातली. फटीतून फक्त एक लांबलचक, समाधानी घोरणं ऐकू आलं.

“झालं! घ्या!” ती म्हणाली. “आता यंत्रं थांबेपर्यंत कुणाच्या बापालाही ऐकू जायचं नाही. आणि फोन दोन्ही बाहेर.”

“चिमटीकडे फोन असतो का?”

“चिमटीकडे प्रकाशकांचा माणूसही येत नाही, चार वाजता!”

पण खरं सांगायचं तर तिचं रक्त सळसळत होतं. इतक्या वर्षांत प्रथमच खरोखरच कोंडल्या गेल्या होत्या! तिनं भिंती चाचपल्या, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, फटीतून हेअरपिन घालून कडी उचलायचा प्रयत्न केला. पिन वाकली, तुटली. आणि तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

टक्.

दोघी जागच्या जागी थिजल्या.

टक्. टक्. जरा थांबून, पुन्हा टक्. अगदी जवळून. कुणीतरी आतल्या बाजूनं बोटाच्या पेरानं वाजवावं तसा.

धाकटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग तिला भिंतीला चिकटून गेलेला वाफेचा जुना पाइप आठवला. “पाइप तापतोय, ताई,” ती हळूच म्हणाली. “यंत्रं लागली ना. लोखंड फुगतंय, दुसरं काही नाही.”

अंधारातून थोरलीचा हात आला आणि त्यानं धाकटीचं मनगट गच्च धरलं. हात बर्फासारखा गार होता आणि घामानं भिजला होता.

“ताई? अहो, तुम्ही कापताय!”

“कापेन नाहीतर काय करेन?” थोरली एकदम तडकून म्हणाली. “मला अंधारात जीव नकोसा होतो. लहानपणापासून. अजून ह्यांना दिव्याचं बटण बंद करू देत नाही मी.”

धाकटीचा आ वासला. “आणि एवढ्या भुतांच्या गोष्टी लिहिता? तळघरं काय, विहिरी काय...”

“मग? न भिणाऱ्याला काय कप्पाळ लिहिता येणार? मी भिते आणि पोरांना कोंडते. तू त्यांना सोडवतेस, मग मला झोप येते. इतकी साधी गोष्ट आहे.”

टक्, पाइप वाजला. थोरलीनं मनगट आणखी आवळलं.

“मग आज आत कशाला आलात?”

“तुला सुटलंय,” थोरली म्हणाली.

“काय सुटलंय?”

“कोडं. आठवडाभर डोक्याला हात लावून बसल्याचं नाटक चाललंय तुझं. याहून बिकट जागांतून तू त्या पोरांना चुटकीसरशी बाहेर काढलंयस. एक झडप आहे, हातभर वर. आत दोघं जण आहेत. पहिलीतलं पोर सांगेल. का लिहीत नाहीस?”

धाकटीनं मान खाली घातली. अंधार होता ते बरं होतं.

“एक जण आत राहतं, ताई.”

“राहतं तर राहतं.”

“एकानं दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचं, बाहेर पडायचं, आणि दुसऱ्यानं इथंच, एकट्यानं... मला नाही लिहिता आलं ते. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं.” तिचा आवाज भरून आला. “ताई, तुम्हाला एक सांगायचंय. आम्ही...”

“जाताय. माहितीय.”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या लेकीनं. तिच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? परवा विचारत होती, काकू, नव्या शाळेत वाचनालय असेल ना? आणि तिनं सांगितलं नसतं तरी रोज दुपारी तुझा चेहरा सांगत होता. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईपासून लपवतेस होय गं, गाढवे!”

“मी सांगणारच होते.”

“हे प्रकरण संपल्यावर. आणि प्रकरण तू संपवत नव्हतीस.” थोरलीनं तिचं मनगट सोडलं. “रडू नकोस. कोळसा आणि पाणी, काय ध्यान दिसशील! चल, ऊठ. चार वाजत आले असतील.”

ती भिंतीशी गेली, पदर पुन्हा घट्ट खोचला आणि हाताचे तळवे विटांवर टेकून खाली वाकली.

“चढ.”

“तुमची कंबर...”

“माझ्या कंबरेचं मी बघते. चढ म्हणते ना!”

धाकटीनं ओढणी कमरेला बांधली, चपला काढल्या आणि जावेच्या खांद्यावर पाय ठेवला. थोरलीच्या तोंडून “आई गं” निघालं, पण ती इंच इंच करत उठली. झडप हाताला लागली. गंजलेली होती, धाकटीनं डोक्यानं धक्का दिला. एक, दोन, आणि तिसऱ्याला ती करकरत उघडली. ऊन भसकन आत आलं. खाली थोरलीचा वर केलेला, काळ्या ओघळांचा चेहरा एकदाच दिसला.

“बघत काय बसलीस? हो बाहेर!”

धाकटी कोपरांवर सरपटत निघाली, कमरेशी अडकली, हात-पाय झाडत सुटली आणि गल्लीत धप्पकन पडली. मागं झडप दाणकन मिटली. समोर इस्त्रीवाले काका चादरी वाळत घालत होते. भिंतीतून उगवलेली ती काळीकुट्ट, केस पिंजारलेली बाई पाहून त्यांच्या हातची चादर गळाली.

“मी आहे, काका!” ती ओरडली.

“कोण मी?” काका चादरीच्या पलीकडून म्हणाले, पुढं यायला तयार नव्हते.

ती थांबली नाही. अनवाणीच धावत सुटली. अंगात वारं भरलं होतं. सुटले, सुटले, असं काहीतरी छातीत उड्या मारत होतं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी गळत होतं. यंत्रांना वळसा घालून ती घोरणाऱ्या सासऱ्यांपाशी आली आणि तिनं कडीला हात घातला.

“आलीस?” आतून थोरलीनं विचारलं.

“आले. उघडते, ताई.”

“थांब.”

धाकटीचा हात कडीवरच राहिला.

“लगेच नको उघडूस.”

“अहो, अंधार आहे आत.”

“मला दिसतोय. तू जरा लांब जा. दाराशी उभी राहू नकोस, तू तिथं आहेस हे कळतं मला.”

धाकटीनं हात काढून घेतला. ऐकू जावीत म्हणून मुद्दाम पावलं आपटत ती काउंटरच्या दिशेनं चालू लागली, आणि काउंटरपाशी उभी राहिली. नेमकी तेव्हाच यंत्रं पाणी सोडायला थांबली.

“गेलीस का गं?” आतून हाक आली.

तिनं ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि ओ दिली नाही.

मग बंद दारामागून थोरलीचा आवाज यायला लागला. मुलांना गोष्ट वाचून दाखवताना काढायची तो, खणखणीत.

“नाकतोडा बाहेर पडला. चिमटी आत एकटीच उरली. तिला भीती वाटली. पण फार नाही.”

‘फार नाही’ म्हणताना आवाज जरासा कापला. म्हणून तिनं तेवढं वाक्य पुन्हा एकदा, नीट म्हटलं.