नंबर काढणाऱ्या फ्रेमची कैफियत

मित्रांनो, मला आजवर हजारो लोकांनी नाकावर चढवलं आणि पाच मिनिटांत काढून ठेवलं. मी चष्मा नाही. चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यांवर बसवतात ना, ती जड, काळी, गोल फ्रेम मी. माझ्या कडेला अंश कोरलेले आहेत, नाकापाशी स्क्रू आहे आणि पुढे भिंगं सरकवायला खाचा आहेत. मला घालून आरशात पाहिलं की प्रत्येकाला हसू येतं. तीस वर्षं तोच विनोद, तेच हसणं. मला हात असते तर मी ते कधीच टेकले असते.

माझा मुक्काम अकोल्याच्या जठारपेठेत, अब्दुल सत्तार यांच्या चष्म्याच्या दुकानात. सत्तारभाई कामाला चोख, पण भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यावर त्यांचा पूर्ण भरवसा नाही. तक्त्याची शेवटची ओळ वाचून झाली की ते गिऱ्हाइकाला माझ्यासकट दारात नेतात आणि रस्त्यापलीकडचं काहीतरी वाचायला लावतात. ते वाचता आलं की नंबर पक्का. मग चिठ्ठीवर नंबर लिहून एक प्रत गिऱ्हाइकाला आणि एक भिंतीतल्या खिळ्यावर टोचायची. सत्तारभाईंच्या दुकानातून कोणी अंधुक पाहत बाहेर पडत नाही, असं लोक म्हणत आणि ते ऐकून सत्तारभाई फुलून जात. या कौतुकानंच पुढचा सगळा घोळ केला.

दर्यापूरचे श्यामभाऊ सवारी जीप चालवतात. जीपच्या पुढच्या काचेवर त्यांनी लेकीचं नाव पिवळ्या रंगात रंगवून घेतलं आहे, 'रागिणी'. ही रागिणी पंधरा वर्षांची असताना पहिल्यांदा दुकानात आली. सत्तारभाईंनी तिला दारात उभं केलं, तर तिनं रस्त्यापलीकडे उभ्या जीपवरचं स्वतःचंच नाव वाचलं आणि लाजली. सहा महिन्यांनी ती परत आली, नंबर वाढला होता. आणखी सहा महिन्यांनी आली, पुन्हा वाढलेला. त्यातही तो तिरपा नंबर, ज्याला दुकानात सगळे सिलिंडर म्हणतात, तो भराभर चढत होता. वाढतं वय आहे, नंबर वाढणारच, असं सांगून सत्तारभाई दर वेळी नवा चष्मा बनवून देत.

माझा जीव नुसता चरफडायचा. कारण मी नाकावरून उतरले रे उतरले की ही पोरगी मुठी वळून डोळे चोळायला लागायची, कणीक मळावी तशी. कचाकचा, मिनिटभर. समोर बाप उभा, सत्तारभाई उभे, पण एकानंही तिला हटकलं नाही. मी ओरडणार कशी? माझ्यात फक्त भिंगं बसतात.

चौथ्या खेपेला उजव्या डोळ्यानं शेवटची ओळ वाचलीच नाही. सत्तारभाईंनी पेटीतली निम्मी भिंगं माझ्यात घालून पाहिली. माझ्या खाचा झिजायची वेळ आली, तरी त्यांचा हट्ट सुटेना. अखेर त्यांची लेक गजाला पुढे आली. डोळे तपासण्याचा कोर्स करून ती नुकतीच दुकानात बसू लागली होती. तिनं रागिणीच्या डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली, तर आतून परतणारा उजेड कात्रीसारखा उघडमिट करत होता. मग तिनं खिळ्यावरून रागिणीच्या चारही चिठ्ठ्या शोधून काढल्या आणि बापापुढे ओळीनं मांडल्या.

"अब्बा, नुसता नंबर नाई वाढून राहिला," ती म्हणाली. "डोळ्याचा आकारच बदलून राहिला."

त्या दिवशी सत्तारभाईंचा डबा तसाच घरी गेला.

अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी यंत्रावर रागिणीच्या डोळ्यांचा नकाशा काढला. मित्रांनो, बुबुळापुढे एक पारदर्शक कमान असते, तुमच्या पुस्तकात तिला पारपटल म्हणतात. ती पातळ होऊन शंकूसारखी पुढे यायला लागली की त्या दुखण्याला केराटोकोनस म्हणतात. चोळण्यानं ते आणखी बळावतं. त्यावर उपाय असा, की या कमानीवरचा नाजूक पापुद्रा काढायचा, जीवनसत्त्वाचे पिवळे थेंब अर्धा तास घालत राहायचे आणि मग अतिनील किरणांचा मोजून उजेड द्यायचा. त्यानं कमानीतले धागे एकमेकांना घट्ट धरतात आणि शंकूची वाढ थांबवता येते. उजव्या डोळ्याचं असं झालं. पोरीनं चार दिवस डोळ्यातून पाणी गाळत, अंधाऱ्या खोलीत काढले. डावा डोळा दोन महिन्यांनी करायचं ठरलं.

आणि इथे श्यामभाऊ अडून बसले. उपचार वाढ थांबवतो, चष्मा घालवत नाही, हे डॉक्टरबाईंनी तीनदा सांगितलं होतं. गजालानं दोनदा सांगितलं होतं. पण ऑपरेशन झालं म्हणजे चष्मा सुटणार, हे त्यांनी स्वतःच ठरवून सगळ्या सवाऱ्यांना सांगूनही टाकलं होतं. दोन महिने उलटले, रागिणीच्या नाकावर चष्मा होताच, आणि श्यामभाऊ दुकानात येऊन तणतणू लागले. "इतकं करून चष्मा तसाच हाय. आता दुसऱ्या डोळ्याले मी हात लावू देत नाई." रागिणी बाकावर खाली मान घालून बसली होती. तिचा उरलेला डोळा या हट्टापायी जाणार, हे मला ढळढळीत दिसत होतं.

सत्तारभाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला उचललं आणि श्यामभाऊंच्या नाकावर बसवलं.

"मले काहून?" श्यामभाऊ म्हणाले. "मले पुलापल्याडची म्हैस दिसते."

सत्तारभाईंनी पहिल्या चिठ्ठीवरचा उजव्या डोळ्याचा नंबर उलटा करून भिंगं माझ्यात सरकवली, म्हणजे चांगल्या डोळ्याला तेवढंच अंधुक दिसावं. दारात नेलं. जीपच्या काचेवरचं नाव थोडं पसरलेलं, पण श्यामभाऊंनी वाचलं. दुसऱ्या चिठ्ठीला अक्षरांना सावल्या फुटल्या. तिसऱ्या चिठ्ठीला पिवळा फराटा उरला. रागिणीला याहून वाईट दिसत होतं, कारण वाकडा शंकू माझ्या भिंगांना दाखवता येत नाही. सत्तारभाईंनी चौथ्या चिठ्ठीची भिंगं घातली.

"काय दिसते?"

"जीप दिसते."

"तिच्यावर काय लिवलं हाय?"

श्यामभाऊंनी डोळे बारीक करून पाहिलं. "पोरीचं नाव हाय," ते म्हणाले. "पन दिसत नाई."

"डावा डोळा आज उजव्याच्या दुसऱ्या चिठ्ठीवर हाय, श्यामभाऊ. उजवा माह्यामुळं गेला. दोन वर्षं माह्या ध्यानातच आलं नाई. डावा तुमी घालवू नका."

श्यामभाऊंनी मला लगेच काढलं नाही. माझ्या नाकपट्टीला ओल लागली. मग त्यांनी गजालाला विचारलं, डॉक्टरबाई कोणत्या वारी भेटतात.

डाव्या डोळ्याचं झालं. पुढे डॉक्टरबाईंनी अभ्यासासाठी चष्म्याच्या दुकानांतून अशा मुलांच्या जुन्या चिठ्ठ्या मागवल्या, हे दुखणं किती लवकर ओळखता येतं ते पाहायला. सत्तारभाईंनी श्यामभाऊंना विचारून, नाव खोडून, त्या चारही चिठ्ठ्या पाठवल्या. दुसऱ्या चिठ्ठीवर लाल शाईनं लिहिलं, 'इथे मी चुकलो.' मी या माणसावर दोन वर्षं चिडून होते, त्या दिवशी माझा राग निवला.

परवा रागिणी उपचारानंतर दीड वर्षानं तपासणीला आली. डाव्या डोळ्याचा नंबर तोच निघाला. नंबर तोच आला म्हणून कोणी पेढे वाटत नाही, पण मला वाटावेसे वाटले. सत्तारभाईंनी तिला दारात उभं केलं.

"बाबा," ती म्हणाली, "माह्या नावातल्या शेवटच्या वेलांटीचा रंग उडाला हाय."

श्यामभाऊ रस्ता ओलांडून जीपपाशी गेले. नखाएवढा रंग खरोखरच उडाला होता. ते परत येऊन बाकावर बसले.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. डोळे खाजले तर चोळू नका, मोठ्यांना सांगा. नंबर पुन्हा पुन्हा वाढला तर नुसता नवा चष्मा मागू नका, का वाढला ते विचारा. मी हे किती वर्षं मनात घोकते आहे आणि माझं कोण ऐकणार!

पण परवा मी रागिणीच्या नाकावरून उतरले आणि सवयीनं तिची मूठ डोळ्याकडे गेली. तोच सत्तारभाई, गजाला आणि श्यामभाऊ तिघंही एकदम तिच्यावर ओरडले. मूठ अर्ध्यावरून खाली आली.